दादाची आई व्हायचंय? सोप्पंय!

सगळ्यात आधी अभिनंदन. या पोस्टसाठी अर्ज नाही, इंटरव्ह्यू नाही, वयाची अट नाही आणि मुख्य म्हणजे तुम्हाला कुणी विचारतही नाही. निवडीचा निकष एकच, फोन उचलणं. घरात चार भावंडं असू देत, रात्री दीडला फोन वाजल्यावर जो उचलतो तो सिलेक्ट झाला, बाकीच्यांनी सकाळी 'अगं सायलेंटवर होता' म्हणायचं आणि फॅमिली ग्रुपवर हात जोडल्याची इमोजी टाकायची. त्यातून तुम्ही बहीण असाल, त्यातून एकट्या राहत असाल, त्यातून जवळच राहत असाल तर मग विषयच संपला, तुमचं नाव केव्हाच पक्कं झालंय, फक्त तुम्हाला कळवायचं राहिलंय.

(पुढे मी सगळीकडे दादा म्हणणारे कारण माझा दादा आहे आणि त्याला स्किझोफ्रेनिया आहे. तुमची ताई असेल, धाकटा असेल, आजार बायपोलर असेल तर तसं बदलून वाचा, नोकरी तीच आहे.)

पूर्वतयारी अजिबात करायची नाही. आईवडील आहेत तोवर गोळ्यांची नावं विचारू नका. कुठल्या औषधाने त्याची मान वाकडी झाली होती, कुठल्याने वजन भसाभस वाढलं, बिघडायला लागला की आधी झोप जाते की आधी आंघोळ बंद होते, हे सगळं आईच्या डोक्यात असतं आणि ते तिथेच राहू द्यावं. 'आमच्यानंतर याचं काय' असं ती म्हणाली की ताबडतोब 'काहीतरीच काय बोलतेस' म्हणून विषय बदलायचा. मग एक दिवस आई नसते आणि तुम्ही कपाटातली एक फुगलेली पिशवी घेऊन जमिनीवर फतकल मारून बसता, आत वर्षानुवर्षांचे कागद, पहिल्यावर डिप्रेशन, मग बायपोलर, मग स्किझोफ्रेनिया, मधेच कुणीतरी स्किझोअफेक्टिव्ह लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलेलं, आणि एका चिठ्ठीच्या मागे आईच्या अक्षरात नुसतं 'ही नको. ही परत नको.' कुठली नको? शोधत बसा.

आता रुजू झालात. पहिलं काम, वाद घालणं. अ‍ॅनोसॉग्नोसिया नावाचा एक प्रकार असतो, बाबिन्स्की नावाच्या डॉक्टरने १९१४ साली तो अशा पेशंटांबद्दल मांडला ज्यांची एक बाजू लुळी पडलेली असते आणि त्यांना त्याचा पत्ताच नसतो. स्किझोफ्रेनियाच्या साधारण निम्म्या पेशंटांमध्ये कमीजास्त प्रमाणात हेच होतं. म्हणजे दादा हट्ट करत नाहीये, नाटक करत नाहीये, आपण आजारी आहोत हे ज्या मेंदूने ओळखायचं तोच आजारात सापडलाय. तर अशा माणसाला पुराव्यानिशी पटवून द्यायचं. तो म्हणाला की वरच्या मजल्यावरचे लोक पंख्यातून त्याच्याबद्दल बोलतात, तर लगेच स्टूल आणा, स्क्रूड्रायव्हर आणा, पंख्याचं वरचं झाकण खाली सरकवा आणि दाखवा, बघ दादा, आत काही नाहीये, ही वायर, हा स्क्रू, बास. तो नीट बघेल. मान हलवेल. आणि म्हणेल, 'तू उघडणार हे त्यांना कळलं, म्हणून काढून नेलं.' मग स्टूलवर स्क्रूड्रायव्हर घेऊन उभ्या असलेल्या तुमच्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघायला लागेल, कारण तुम्ही पंखा उघडणार हे त्यांना सांगितलं कुणी? झालं, आता तुम्ही पण त्यांच्यातल्या. 'असं सारखं ऐकू येत असेल तर भीती वाटत असेल ना रे' एवढं म्हणून थांबता येतं म्हणे, खोटंही न ठरवता आणि होला हो पण न करता. पण त्यात आपलं बरोबर असल्याचं सुख कुठंय?

दुसरं काम गोळ्या. क्लोझापीन हे नाव पाठ करून टाका, कारण आधीची दोन औषधं नीट देऊनही चालली नाहीत की याचा नंबर लागतो. हे औषध १९७५ साली फिनलंडमध्ये काही पेशंट दगावल्यावर अनेक ठिकाणी मागे पडलं होतं, पांढऱ्या पेशी अचानक खाली जातात म्हणून, आणि मग १९८८ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रायलमध्ये कशालाच दाद न देणाऱ्या पेशंटांपैकी शंभरात ३० जण सहा आठवड्यांत यावर सुधारले, जुन्या औषधावर शंभरात ४. त्या ३० मध्ये आपला दादा येईल या आशेवर माणूस काय काय करतो. सुरुवातीला बऱ्याच देशांत १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासतात, ते एक बरंय, निदान कुणीतरी काहीतरी तपासतंय. पण ४८ तासांहून जास्त खंड पडला तर जुन्या डोसवर परत जाता येत नाही, पुन्हा साडेबारा मिलिग्रॅमपासून चढायचं. त्यामुळे दोन दिवस कुठे जायचं असेल तर खुशाल जा, गोळ्यांची जबाबदारी सायलेंटवाल्या भावाकडे द्या, तो 'हो हो घेतली त्याने' असं सांगेल. त्याने विचारलेलं असतं, दादा हो म्हणालेला असतो, विषय संपतो.

सिगारेटचं तर विचारूच नका. इतकी वर्षं सगळे मागे लागलेत ना सोड म्हणून, तर एक दिवस तो खरंच सोडतो. तेव्हा आनंदाच्या भरात डॉक्टरांना कळवायचं तेवढं विसरा. धुरामुळे लिव्हर हे औषध भराभर संपवत असतं, धूर बंद झाला की तोच डोस रक्तात चढत जातो, आणि तुम्ही म्हणता बिचारा सिगारेट सोडून कसा शांत झोपायला लागलाय.

आणि पोट. हे कुठल्याच भावनिक लेखात नसतं. लहानपणी ज्याच्या धाकाने तुम्ही पाढे पाठ केलेत त्या माणसाला आता रोज सकाळी बाथरूमच्या बंद दाराबाहेरून विचारायचं, 'दादा, पोट साफ झालं का?' कारण क्लोझापीनने आतडी इतकी मंदावू शकतात की प्रकरण जिवावर बेततं. आतून उत्तर येत नाही. परत विचारायचं, जरा मोठ्याने. शेजारच्यांनाही कळलं पाहिजे.

डॉक्टर हा वेगळा अध्याय. तुम्ही फोन करता, तिकडून सांगतात की पेशंटच्या परवानगीशिवाय आम्ही काही सांगू शकत नाही. बरोबरच आहे, तो त्याचा हक्कच आहे, मी इथे गंमत करत नाहीये. फक्त शुक्रवारी संध्याकाळी त्याच नंबरवरून फोन येतो, डिस्चार्ज तयार आहे, न्यायला किती वाजता येताय? म्हणजे माहिती घ्यायला तुम्ही कुणीच नाही आणि माणूस घ्यायला तुम्हीच. आता गुप्तता असते ती त्यांच्या सांगण्यावर, ऐकण्यावर नाही. तुम्ही एका कागदावर लिहून दिलंत की चार रात्री झोपला नाही, खिडक्यांना पेपर चिकटवलेत, गोळ्या कुंडीत सापडल्या, तर ते वाचायला कुणाचीच बंदी नाहीये. म्हणून लिहून द्यायचं नाही. व्हरांड्यात गाठून, घाईघाईत, रडत, सगळं उलटसुलट सांगायचं, म्हणजे पुढच्या वेळी तुमच्याकडे बघूनच ते तिसऱ्या दाराने निघून जातील.

इमर्जन्सीला कधी जायचं याची मात्र अचूक वेळ असते आणि ती तुम्हाला कधीही सापडणार नाही. आधी गेलात तर 'अजून तसं काही झालेलं नाही, धोका वाटला तर या.' काही झाल्यावर गेलात तर 'इतके दिवस काय करत होतात?' मधला एक तास असतो म्हणे. आणि तुम्ही गयावया करून, खोटं बोलून, टॅक्सीत बसवून कसंबसं नेलंत की तिथे गेल्यावर दादा जो काही वागतो ना! शर्ट आत खोचलेला, पाठ ताठ, तारीख वार सगळं बरोबर, वर डॉक्टरांनाच विचारतो, 'तुम्हाला फार पेशंट असतील ना?' पंधरा मिनिटं. तेवढ्यात तुमचे मात्र तीन दिवस न विंचरलेले केस, दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला, आणि वर तुम्ही सांगताय की पंखा बोलतो. दोघांपैकी ठेवून कुणाला घ्यायचं हे त्या डॉक्टरला खरंच कळत नसणार.

नातेवाईकांवर फार वेळ घालवत नाही. आवाज ऐकू येणं, भ्रम होणं यावर गोळ्या चालतात तरी, पण न बोलणं, न उठणं, कशातच मन न लागणं, ही पण त्याच आजाराची लक्षणं असून त्यांच्यावर औषधांचा उजेड फारसा पडत नाही. बाहेरून बघणाऱ्याला ती आळस दिसतात. 'सकाळी लवकर उठवत जा गं त्याला' हा सल्ला येईल. नम्रपणे घ्या.

स्वतःकडेही लक्ष द्या हो. स्किझोफ्रेनिया शंभरात साधारण एकाला होतो, सख्ख्या भावंडाला शंभरात नऊ-दहा. म्हणजे नव्वद जणांना होत नाही, हे मलाही कळतं, गणित येतं मला. पण पंचविशीत गर्दीत कुणीतरी आपल्या नावाने हाक मारल्यासारखं वाटतं आणि वळून बघितलं तर कुणीच नसतं, तेव्हा ते नव्वद जण आठवत नाहीत. त्या वयात रोज झोपताना डोक्याची हजेरी घ्यायची. कुणाला सांगायचं नाही, आईला तर नाहीच, तिला एक पुरे आहे.

आईचं एक बरं होतं, तिला निदान दोष तरी मिळाला. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमान या डॉक्टरबाईंनी लिहून ठेवलं की आईच अशी असते की मुलाला स्किझोफ्रेनिया होतो, आणि पुढे कित्येक वर्षं जगभरातल्या आया खालमानेने ते ऐकत बसल्या. ती थिअरी गेली कचऱ्यात, पण दखल तरी घेतली. भावंडांसाठी अशी एखादी साधीशी थिअरी पण मी ऐकलेली नाही.

नाही म्हणायला एका ठिकाणी आपला उल्लेख आहे. १९५८ मध्ये लंडनला जॉर्ज ब्राउन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हॉस्पिटलातून सोडलेल्या पेशंटांचं पुढे काय झालं ते बघितलं. जे आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतले ते जास्त वेळा पुन्हा अ‍ॅडमिट झाले, आणि जे भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहिले ते त्यामानाने बरे टिकले. वाचलंत ना? खोलीची मालकीण आणि सख्खी बहीण एका रांगेत! मला तर इतका आनंद झाला की काय सांगू. पुढच्या अभ्यासांत कळलं की सारखी टीका, चीड आणि जिवापाड गुंतून जाणं, या तिन्हीने पेशंट पुन्हा बिघडायची शक्यता वाढते, आणि १९७६ च्या एका अभ्यासात तर अशा तापलेल्या घरात आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त समोरासमोर राहणाऱ्यांचे हाल सगळ्यात वाईट निघाले. प्रेम कमी करा असं कुणी म्हटलेलं नाहीये. जरा लांब बसून करा, एवढंच.

म्हणजे बघा, शास्त्र सांगतंय की बाई तू बहीणच राहा, अधेमधे ये, भांड, जा. आणि घर, हॉस्पिटल, शेजारी, सायलेंटवाला भाऊ, सगळ्यांना तुमच्याकडून हवी आहे ती आई. त्यामुळे शास्त्राचं काही ऐकू नका. त्याला जवळच एक वेगळी खोली बघून द्यावी, दिवसातून एकदा कुणीतरी गोळ्या द्यायला जावं, आपण आपलं काम सांभाळून शनिवार-रविवारी जावं, असले विचार मनात आले तर हाकलून द्या, कारण पहिल्याच आठवड्यात ग्रुपवर 'टाकलं भावाला' असं येणार आणि ते टाइप करणारा माणूस तेवढ्यापुरता सायलेंट नसणार. नोकरी सोडा. ३५ तास काय घेऊन बसलात, आठवड्यात १६८ असतात. त्याच्या खोलीबाहेर गादी टाका, श्वास मोजा, ताटात किती उरलं ते बघा, बोलताना आवाज एकदम मऊ ठेवा, लहान बाळाशी बोलतात तसा, पन्नाशीचा असला तरी.

आणि एक वही करा, रोजच्या नोंदींची, झोप, पोट, गोळी, मूड. यातच एखाद्या दिवशी औषध लागू पडलेलं असताना दादा टीव्हीवरून नजर काढून तुमच्याकडे बघेल आणि अगदी पूर्वीच्या आवाजात म्हणेल, 'काय गं, तू हल्ली माझ्याशी भांडत का नाहीस?' तेव्हा लगेच, 'गोळी घेतलीस ना?' असं विचारा. तो तोंड फिरवेल. वहीत तारीख टाकून लिहा: चिडचिड, सौम्य. कारण समजलं नाही.