मराठी ‘जशी बोलतो तशीच’ लिहितो का? एका गुरुजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

दुसरीच्या वर्गात मी रोज वीस मिनिटं वाचनाचा जो सराव घेते, त्यावरच्या लेखाखाली तुम्ही मोठी प्रतिक्रिया लिहिलीत. कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातल्या शाळांत उभी हयात काढलेल्या शिक्षकाने माझं लिखाण शेवटपर्यंत वाचलं, याचं मला मोल आहे. नुसते आभार मानून हे उत्तर संपवणं बरं दिसणार नाही.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचे मुद्दे थोडक्यात सांगते. मराठी जशी बोलतो तशीच लिहितो, तेव्हा ‘फोनिक्स’ (अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवणं) हे इंग्रजी शाळांचं खूळ आपल्या पोरांच्या माथी मारू नये. बाराखडी तोंडपाठ झाली की वाचन आपोआप येतं. ‘मी भाकरी खाल्लो’ म्हणणाऱ्या मुलाला जागच्या जागी न टोकणं ही व्याकरणाची हेळसांड आहे. आणि जोडाक्षरांचा माझा सरावकागद दुसरीच्या मुलांना झेपणारा नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तिथे तुम्ही पूर्ण बरोबर आहात. त्या एका पानावर ‘चक्र’, ‘सूर्य’, ‘ट्रक’ आणि ‘दऱ्या’, म्हणजे ‘र’च्या चारही तऱ्हा मी एकदम ठेवल्या होत्या. जवळजवळ सगळा वर्ग अडकला. तो कागद मी काढून टाकला आहे. आता एका आठवड्याला एकच तऱ्हा, आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतला फरक पन्हाळ्याची सहल झाल्यावर. दऱ्या डोळ्यांनी बघून आलेल्या मुलाला तो समजावून सांगणं सोपं जाईल.

आता बाराखडी. ती मीही म्हणून घेते, ताल धरून घेते, मुलांना आवडते. पण पहिलीतून वर आलेल्या मुलांपुढे मी ‘कू’ एवढंच लिहिलेलं कार्ड धरलं, तेव्हा अर्ध्याहून जास्त मुलांनी ओठातल्या ओठात ‘क का कि की कु कू’ म्हणत तिथवर चालत जाऊन उत्तर दिलं. क्रम पाठ होता, अक्षर ओळखीचं नव्हतं. ‘काकी’ वाचताना एक मुलगा ‘क ला काना का, क ला दुसरी वेलांटी की’ असं म्हणायचा. दोन अक्षरांच्या शब्दाला हे चालून जातं. ‘रंकाळ्यावरून’ आलं की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. तो मुलगा हुशार आहे, गुरुजी. शब्द जोडायला लागणारं त्याचं सगळं बळ अक्षर ओळखण्यातच संपत होतं. केंद्र सरकारच्या निपुण भारत या वाचन-गणिताच्या अभियानात दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत असं उद्दिष्ट आहे, त्याचं कारणही हेच. वाचन फार रेंगाळलं तर अर्थ हातातून निसटतो. मुलांसमोर घड्याळ लावणं मात्र मलाही पटत नाही आणि मी ते लावत नाही.

मराठी जशी बोलतो तशीच लिहितो, हे मीही डी.एड.ला असताना वहीत उतरवून घेतलं होतं. वर्गात उभी राहिल्यावर ते तितकं खरं नाही हे मुलांनीच दाखवलं. ‘बसला’ लिहिताना ब, स, ला अशी तीन अक्षरं. बोलताना मात्र बस्‌-ला. मुलं ‘ब…स…ला’ असं सुटं सुटं वाचतात आणि माझ्याकडे बघतात, कारण असा शब्द त्यांनी कधी ऐकलेलाच नसतो. म्हणून आम्ही आधी पुस्तक मिटून टाळ्या वाजवतो. ‘बसला’ला दोन टाळ्या, ‘करवत’ला दोन टाळ्या. मग फळ्यावर अक्षरं मोजायची. टाळ्या दोन आणि अक्षरं जास्त का, हे त्यांचं त्यांनाच सापडतं. माझा फोनिक्स तो एवढाच. शब्द परका वाटला, तर ‘कानाचा सराव’ म्हणू या.

‘च’चंही तेच. ‘चार’ आणि ‘चारा’, ‘चंद्र’ आणि ‘चांदणं’: अक्षर एक, आवाज दोन. ‘माझा’तला झ आणि ‘माझी’तला झ वेगळा. ‘जहाज’ या एका शब्दात दोन्ही ज आहेत. छापील पानावर याची कसलीच खूण नसते. मग मूल बरोबर वाचतं कसं? माझ्याकडची एक मुलगी पहिल्यांदा ‘चारा’ हा शब्द ‘चार’सारखा वाचून थांबली. स्वतःशी पुन्हा म्हणाली, आणि एकदम हसून बरोबर म्हणाली. घरी म्हशी आहेत तिच्या. अक्षरांनी तिला शब्दाच्या दारापर्यंत नेलं. दार तिच्या घरच्या शब्दाने उघडलं. ‘जहाज’ला मात्र तीच मुलगी अडली, कारण तो शब्द तिच्या कानावर फारसा पडलेला नव्हता.

तुम्ही अक्षरसराव, शब्दसंग्रह आणि व्याकरण हे तीन वेगळे तास करायला सांगता. मला ते वेगळे करता येत नाहीत ते यामुळे. शब्द आधी कानात असला तरच अक्षरांचा उपयोग होतो.

‘मी भाकरी खाल्लो’कडे मी याच नजरेने बघते. आपल्या भागात क्रियापद बोलणाऱ्याच्या मागे जातं, पुस्तकात ते भाकरीच्या मागे जातं. माझ्या वर्गातल्या मुलीसुद्धा ‘मी आलो, बाई’ म्हणतात. मी स्वतः घरी असंच बोलते. सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘चूक!’ म्हटलं की त्याला क्रियापद चुकलं असं वाटत नाही. आपली आई चुकीचं बोलते, असं त्याला वाटतं. मग ते गप्प बसतं, आणि गप्प बसलेल्या मुलाला वाचायला शिकवणं फार अवघड आहे. मी ज्याच्या भरवशावर ‘चारा’ वाचून घेते, तोच कान मी बंद कसा करू?

पण मी ते तसंच सोडूनही देत नाही. फळ्यावर दोन रकाने असतात, ‘घरी बोलतो तसं’ आणि ‘पुस्तकात लिहितात तसं’. पहिल्यात ‘मी भाकरी खाल्लो’, दुसऱ्यात ‘मी भाकरी खाल्ली’. मग भाकरीच्या जागी आंबा ठेवायचा, केळं ठेवायचं. खाल्ला, खाल्लं. चार-पाच वाक्यांनंतर कोणीतरी ओरडतंच, “बाई, ते खायच्या वस्तूवर बदलालंय!” ‘कर्मणी प्रयोग’ हे नाव पुढे वरच्या वर्गात येईल. त्यामागची गोष्ट मुलांना आताच कळलेली असते. ‘वढा’ आणि ‘ओढा’ही याच दोन रकान्यांत बसतात.

ऱ्हस्व-दीर्घही तसंच, आणि यात केएमटीच्या, म्हणजे आपल्या शहर बसच्या, पाट्यांनी मला खूप मदत केली. पाटीवर ‘कोल्हापूर’, वहीत ‘कोल्हापुरात’. ‘फूल’चं ‘फुलाला’, ‘मूल’चं ‘मुलाला’. रंकाळा–रंकाळ्यावर, पंचगंगा–पंचगंगेत. जोतिबा मात्र ‘जोतिबाला’ म्हणताना बदलत नाही, आणि याचा मुलांना कोण आनंद होतो! पाट्या वाचायला लावून मी पाठ्यपुस्तक बाजूला टाकते, असं तुम्हाला वाटलं. तसं नाही. पुस्तकातला धडा मी रोज घेते. पाट्यांमुळे तो वाचायला मुलं घाबरत नाहीत.

यात माझं स्वतःचं फार थोडं आहे. लीलाताई पाटलांनी १९८५ साली आपल्या कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि मुलाच्या अनुभवाला शिकवण्याच्या मध्यभागी आणलं. मी त्याच वाटेवर चालायचा प्रयत्न करते आहे.

एक विनंती आहे. तुमच्या गावात अजून गुऱ्हाळं चालतात, असं तुम्ही ओघात लिहिलंय. पुढच्या महिन्यात आम्ही गुऱ्हाळाचे शब्द घेणार आहोत. मुलांनी आतापर्यंत चुलवाण, काहील, काकवी, चिपाड, ढेप एवढे आणलेत. गुळव्याच्या तोंडचे आणखी शब्द तुम्हाला नक्की ठाऊक असतील. ते तुमच्याकडे जसे बोलतात तसेच लिहून पाठवा. पहिल्या रकान्यात आधी तेच लिहीन.