विठूला विठू म्हणतो, मग ठमीला ठमी का नको?

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज फिरला. निकनेममधला 'निक' म्हणजे सैतान, टोपणनावं टोपीकर इंग्रजांनी आणली आणि लाडाच्या नावाने खऱ्या नावाची शक्ती घटते, असं त्याचं म्हणणं. शेजारच्या काकूंनी तो वाचून नातीला 'ठमी' म्हणणं बंद केलं. शाळेतल्या नावाने हाक मारली तर चार वर्षांची पोर ओ देत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

सैतानाचं आधी. इंग्रजीत त्याला 'ओल्ड निक' म्हणतात खरं, पण ते सतराव्या शतकापासून. निकनेम त्याहून कितीतरी जुना. मूळ शब्द 'ईकनेम', १३०३ सालच्या लिखाणात सापडणारा. 'ईक' म्हणजे आणखी. आधी लागणाऱ्या 'अ‍ॅन'मधला न बोलता बोलता पुढच्या शब्दाला चिकटला आणि 'नीकनेम' झालं. आपल्या नारंगीचं युरोपात उलट झालं, तिचा न गळून ऑरेंज उरलं. थोडक्यात, निकनेम म्हणजे जोडीचं नाव. सैतान कुठेच नाही.

टोपीकरांचा मुद्दा दोन ओळींचा. टोपण म्हणजे झाकण, पेनाला असतं ते. आणि ईस्ट इंडिया कंपनी १६०० सालची. तिच्या अडीचशे वर्षं आधी नामदेव महाराज अभंगाच्या शेवटी 'नामा म्हणे' असं स्वतःलाच म्हणून गेले होते.

शक्ती घटण्याचं मात्र मला लागलं. विठ्ठलाला आपण विठू म्हणतो, विठोबा म्हणतो, त्याचं काय घटलं? टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव, घरातलं बाळ. जगाने बाळच उचललं. आपल्या तलावपाळीवरचं रंगायतन ज्यांच्या नावाचं, त्या राम गणेश गडकऱ्यांनी कविता गोविंदाग्रज म्हणून लिहिल्या, विनोदी लेख बाळकराम म्हणून. तिन्ही नावं टिकली.

नाव दुखवतं, हेही खरंच आहे. वर्गात 'जाड्या' ऐकत मोठं झालेल्याला विचारा. साताऱ्यात २०११ मध्ये दोनशेहून जास्त 'नकुशीं'ना नवी नावं द्यावी लागली, आणि 'नकुशी' हे तर लाडाचं नाव नव्हे, चांगलं कागदोपत्रीचं होतं. दुखतं ते नाव ठेवणाऱ्याच्या मनातल्या नकोसेपणाने.

ठमीत तसं काही नाही. काकू, आज संध्याकाळी खालून पुन्हा तीच हाक मारा. दोन-दोन पायऱ्या उतरत येते की नाही बघा.