‘ऑइल म्हणजे ऑइलच’ म्हणण्याआधी डबा फिरवून वाचा

महिनाभर आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सगळं इंजिन ऑइल एकाच रिफायनरीतून येतं, कंपन्या नुसत्या स्टिकरचे पैसे घेतात, म्हणून मॉलच्या नाहीतर दुकानाच्या नावाचं सगळ्यात स्वस्त ऑइल कुठल्याही गाडीत बिनधास्त घाला. आणि सोलापूरच्या उन्हात जितकं घट्ट तितकं चांगलं, असं त्यात आहे. मी सोडून दिलं असतं. पण माझ्या भाच्याने ते खरं मानलं आणि कारचं स्वस्त ऑइल बाइकमध्ये ओतलं.

‘कुठल्याही गाडीत’ हे दोन शब्द सगळ्यात घातक आहेत. कारचा क्लच सहसा कोरडा असतो. आपल्याकडच्या बहुतेक गिअरवाल्या बाइकचा क्लच मात्र इंजिनच्याच ऑइलात भिजत असतो. कारच्या पातळ, मायलेजवाल्या ऑइलात घर्षण कमी करणारी रसायनं असू शकतात. इंजिनला ती चालतात, पण क्लच प्लेटची पकड घर्षणावरच असते. भाचा रोज चिंचोळी एमआयडीसीला जातो. बाळे गावाच्या पुढे हायवेला ट्रकला ओव्हरटेक करताना त्याने ॲक्सिलरेटर पिळला, इंजिन रेस झालं, गाडीला पिकअपच नाही. मागून एसटी येत होती. मिस्त्रींनी क्लचचं कव्हर उघडलं तर प्लेटा काळ्या, हाताला काचेसारख्या गुळगुळीत, आणि जळका वास. पूर्ण सेट बदलावा लागला. पण त्या ट्रकशेजारी काय झालं असतं, याचा विचार करून माझ्या बहिणीला दोन रात्री झोप नाही. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना याचं काहीच वाटत नाही का?

हे काही नवं ज्ञान नाही. जपानच्या जासो संस्थेने १९९८ पासून दुचाकीच्या ऑइलची वेगळी प्रतवारी ठेवली आहे. ओल्या क्लचला ‘एमए’ किंवा ‘एमए२’, गिअर नसलेल्या स्कूटरला ‘एमबी’. डब्यावर छापलेलं असतं.

आता एकाच रिफायनरीचं. अर्धं खरं आहे, मान्य करतो. मूळ तेल बनवणारे मोजके आहेत आणि बऱ्याच ब्रँडचा माल तिथूनच येतो. पण झीज थांबवणारी, काजळी धरून ठेवणारी रसायनं नंतर मिसळतात, आणि फरक तिथे पडतो. ती नसली तर काय? अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट (एपीआय) आपल्या तक्त्यात स्पष्ट सांगते की ‘एसए’ प्रतीच्या ऑइलात कुठलीच रसायनं नसतात आणि १९३० नंतरच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांना ते योग्य नाही. ‘एसएफ’ प्रत १९८८ नंतरच्या बहुतेक इंजिनांना योग्य नाही. ‘एसपी’ ही प्रत तर २०२० मध्ये आली. ही अक्षरं म्हणजे नुसतं स्टिकर नव्हे.

उन्हाचं म्हणाल तर, डब्यावरच्या २०डब्ल्यू-४० अशा ग्रेडमधला ४० हा आकडा ऑइल १०० अंशांवर किती घट्ट राहतं यावरून ठरतो, बाहेरच्या उन्हावरून नाही. बाहेर ४३ आहे म्हणून मनाने ५० घालू नका, गाडीच्या पुस्तकातला ग्रेड घाला.

स्वस्त ऑइलशी माझं वैर नाही. पुस्तकात दिलेला ग्रेड, एपीआयची अक्षरं आणि बाइक असेल तर जासो, हे तिन्ही जुळत असेल आणि सील शाबूत असेल, तर दुकानाच्या नावाचा डबाही खुशाल घ्या. वेळेवर बदला म्हणजे झालं. बॅरलमधलं सुटं ऑइल मात्र नको, त्यावर वाचायला काहीच नसतं. आणि रिकामा डबा गॅरेजमध्ये सोडताना मिस्त्रींकडून स्क्रू ड्रायव्हरने भोक पाडून घ्या, म्हणजे त्यात कुणी जुनं ऑइल भरून विकणार नाही.