आमच्या गावाचं स्टेशन

ल प्रे-सँ-जर्व्हे कुठे आहे, असं कोणी विचारलं की मी 'पॅरिस' म्हणून मोकळा होतो. खोटं बोलायची हौस नाही, पण खरं सांगायला बसलो तर समोरच्याचा चहा गार होतो. पॅरिसच्या ईशान्येला, पेरिफेरिक नावाच्या रिंगरोडला चिकटून, अवघ्या 70 हेक्टरांचं हे गाव. सेन-सँ-दनी जिल्ह्यातली सगळ्यात लहान नगरपालिका. एवढ्याशा जागेत 17 हजारांच्या आसपास माणसं राहतात. चौरस किलोमीटरला साधारण 24 हजार पडतात, म्हणजे खुद्द पॅरिसपेक्षाही दाटी. गावाला स्वतःचा नगराध्यक्ष आहे, स्वतःचा 93310 हा पिनकोड आहे. नाही ते फक्त मेट्रो स्टेशन.

म्हणजे तसं आहे. 'प्रे-सँ-जर्व्हे' असं ठसठशीत नाव लावलेलं स्टेशन मेट्रोच्या प्रत्येक नकाशावर आहे. फक्त ते पॅरिसमध्ये आहे. आणि आम्ही गावकरी रोज ज्या 'ओश' स्टेशनातून ये-जा करतो, ते शेजारच्या पाँतँ गावात आहे. या व्यवस्थेत आमचं काही अडत नाही. अडतं ते पाहुण्यांचं.

माझे मामा मध्य रेल्वेतून निवृत्त झालेले. मुक्काम डोंबिवली. माणसाच्या शब्दावर त्यांचा विश्वास बेताचाच, पण स्टेशनच्या पाटीवर आंधळा. युरोपची सहल आटोपून मामा-मामी लंडनहून युरोस्टारने यायचे होते. मी व्हॉट्सअॅपवर स्वच्छ मराठीत लिहिलं : 'गार द्यू नॉरला उतरा. पाच नंबरची मेट्रो पकडा. गाडी बदलायची नाही. ओशला उतरा. मी वर उभा असेन.' याहून सोपा प्रवास जगात नाही.

मी ओशला उभा राहिलो. बऱ्याच वेळाने मामांचा फोन आला.

"अरे, आम्ही तुझ्या स्टेशनवर येऊन थांबलोय. तू कुठायस?"

"मी ओशला आहे, मामा."

"स्वतःचं गाव सोडून तिकडे कशाला गेलास?"

झालं होतं असं, की पाच नंबरच्या अगदी बरोबर गाडीत बसल्यावर मामांनी दारावरचा नकाशा वाचायला घेतला. भाच्याच्या पत्त्यात प्रे-सँ-जर्व्हे, आणि ओशच्या आसपास त्या नावाचा पत्ता नाही. मग तेच नाव सात-बिस नावाच्या एका चिमुकल्या मार्गावर सापडलं. भाच्याला आपल्याच गावचं स्टेशन माहीत नाही, असा निष्कर्ष काढून मामा मामींना आणि चारही बॅगांना घेऊन ज्याँ जोरेस या जुन्या समाजवादी नेत्याच्या नावाच्या स्टेशनवर उतरले आणि गाडी बदलून थेट पॅरिसच्या एकोणिसाव्या वॉर्डात प्रकट झाले.

पेरिफेरिक ओलांडून मी तिथे पोचलो, तेव्हा मामा बॅगेवर बसून पाटीचा फोटो काढत होते. पुराव्यासाठी.

घरी जाताना वाटेत मी त्यांना इतिहास सांगायचा प्रयत्न केला. मूळ गाव मोठं होतं. 1860 मध्ये पॅरिसने तटबंदीच्या आतली सगळी वस्ती ताब्यात घेतली, त्यात आमचाही एक लचका गेला. 1930 च्या सुमाराला तटबंदीबाहेरच्या पट्ट्याची पाळी आली. 25 मे 1913 ला ज्याँ जोरेसने तीन वर्षांच्या सक्तीच्या लष्करी सेवेविरुद्ध प्रचंड जनसमुदायापुढे भाषण केलं, ते आमच्या गावातल्या टेकडीवर. आज इतिहासाच्या पुस्तकात ते भाषण आमचं आहे आणि टेकडी पॅरिसची. तिथे आता बाग आहे, ट्रॅमचा थांबाही आहे. अर्थात तोही पॅरिसमध्येच.

"म्हणजे गाव नेलं आणि नाव ठेवलं," मामा म्हणाले.

"पण स्टेशनला नाव गावाचं नाही दिलेलं. ल प्रे-सँ-जर्व्हे नावाचा एक जुना रस्ता आहे पॅरिसमध्ये, त्याचं दिलंय. 1911 पासून."

आतापर्यंत मामी गप्प होत्या. त्या मूळच्या सावंतवाडीच्या. "मग त्यात काय एवढं? आमच्या सावंतवाडीचं स्टेशन तरी कुठे सावंतवाडीत आहे? मळगावात आहे. उतरून रिक्षा करावी लागते."

"त्या पाटीवर 'सावंतवाडी रोड' लिहिलंय!" मामा रस्त्यातच थांबले. "रोड लिहिलं की प्रवाशाला कळतं, गाव लांब आहे. याला म्हणतात रेल्वे. यांनी रोड गाळला आणि नुसतं गाव ठेवलं. ही फसवणूक आहे."

घरी पोचलो तर लिफ्ट. आमच्याकडची घरं दाट, त्यामुळे लिफ्ट नंतर जिन्याच्या पोटात कोंबलेल्या. पाटीवर 'तीन माणसं' लिहिलंय, पण ती तीन माणसं एकमेकांना चांगली ओळखत असावी लागतात. बॅगा आधी पाठवायच्या ठरल्या. मामा जिन्याने वर धावले आणि प्रत्येक मजल्यावरून 'आली का, आली का' म्हणत बॅगा उतरवून घेतल्या. समोरच्या म्हाताऱ्या बाईंनी दार किलकिलं करून पाहिलं आणि 'बाँझूर' म्हणून हळूच लावून घेतलं.

इथवर सगळं माझ्या बाजूने होतं. खरी आफत मंगळवारी आली.

मंगळवारी प्लास दे फेतला भाजीबाजार असतो. मामींना कोथिंबीर हवी होती. प्लास दे फेत हे प्रे-सँ-जर्व्हेच्या लगतचंच, आधीचं स्टेशन. मी म्हटलं, चढ आहे पण चालत जाऊ. मामा म्हणाले, मेट्रोने जाऊ, एकच स्टेशन तर आहे. मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. काही गोष्टी ज्याच्या त्याने अनुभवाव्या.

सात-बिसच्या शेवटी एक गोल आहे. गाडी बोत्झारिसहून प्लास दे फेत, तिथून प्रे-सँ-जर्व्हे, मग दान्यूब, आणि परत बोत्झारिस, अशी एकाच दिशेने फिरते. उलटी येतच नाही. म्हणजे मागच्या स्टेशनला जायचं तर पुढे जायचं. दान्यूबवरून बोत्झारिस, तिथे फलाट बदलायचा, मग प्लास दे फेत.

मामा फलाटावर उभे राहून दुसऱ्या बाजूची गाडी शोधत होते. "अप कुठाय?"

"अप नाही."

"अप नाही म्हणजे? डाऊन असेल तर अप असलीच पाहिजे. नाहीतर गाड्या सगळ्या एकीकडे साचतील."

मी नकाशावर बोट फिरवून दाखवलं. मामांनी ते बोट दोनदा डोळ्यांनी फिरवून घेतलं, चष्मा काढला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच या देशाबद्दल आदर उमटला. "लूप!" ते म्हणाले. "अरे, सिंगल लाईन लूप! क्रॉसिंगची भानगडच नाही!"

त्यानंतर मामा माझ्या हाती लागले नाहीत. मोनालिसा त्यांनी पाहिली नाही. मी आणि मामी आयफेल टॉवरच्या रांगेत उभे असताना मामा गोलात फिरत असायचे. संध्याकाळी येऊन बातम्या सांगायचे. दान्यूब स्टेशन जिप्समच्या जुन्या खाणींवर आहे, त्यामुळे खाली खांब सोडून त्यावर उभं केलंय. प्रे-सँ-जर्व्हेपासून पोर्त दे लिलापर्यंत आणखी एक बोगदा आहे, त्यात 1921 ते 1939 शटल धावायची. आणि अॅक्सो नावाचं एक स्टेशन आहे, बांधलं पण कधी उघडलंच नाही, त्याला वर यायला दरवाजासुद्धा नाही. "दरवाजा नसलेलं स्टेशन!" मामा पोळीचा घास हातात धरून म्हणायचे. "तुझ्या गावापेक्षा बरं. त्याने नाव तरी कोणाचं चोरलं नाही."

कोथिंबीर शेवटी मीच चालत जाऊन आणली.

परत गेल्यावर डोंबिवलीत नातेवाईक फोटो बघायला जमले. मामींचा फोन आला तेव्हा मागून गलका ऐकू येत होता.

"काय सांगू तुला," मामी म्हणाल्या, "सगळे विचारतायत, पॅरिस कसं आहे. हे तासभर तीन डब्यांच्या लोकलचे फोटो दाखवतायत."

मागून मामांचा आवाज आला, "लोकल नव्हे! एम. एफ. 88! जगात नऊच रेक आहेत!"