पिस्तूल झाकून ठेवा हो!

परवा घोडबंदर रोडला एका हळदीला गेलो होतो. जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे एक गृहस्थ. शर्ट मुद्दाम खोचलेला, कमरेला पिस्तूल. ताट उचलायला ते वाकले की पिस्तुलाची मूठ थेट माझ्या सात वर्षांच्या पुतणीच्या डोळ्यांसमोर! ती माझ्यामागे दडली. "काका, हे पोलीस आहेत का?" काय सांगू तिला?

एकदाच झालं असतं तर गप्प बसलो असतो. पण लग्न असो, वाढदिवस असो, असा एखादा 'भाऊ' हल्ली दिसतोच. अरे, परवाना जिवाला धोका आहे म्हणून मागितलात ना? मग मिरवता कशाला? २०१६ च्या शस्त्र नियमांत स्वच्छ लिहिलंय की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलं हवं. डीजेच्या तालावर हवेत गोळ्या झाडून लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्यांना तर शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

लोक घाबरून बाजूला सरकतात आणि याला वाटतं, मान मिळतोय. वर पोरं सेल्फी काढायला धावतात, त्याचा तर फारच संताप येतो. त्या रेटारेटीत कुणी कमरेला हात घातला तर? चार पावलांवर लहान मुलं नाचत होती.

पुतणी जेवली नाही. आईस्क्रीमसुद्धा नको म्हणाली.