हातात बंदूक असली म्हणून रान सुरक्षित होत नाही

अशांत देशांत मोठ्या जनावरांच्या शिकारीला बिनधास्त जा, असं सांगणारा एक मजकूर बरेच दिवस हातोहात फिरतो आहे. त्याचा सारांश असा: लढाया राजधानीत आणि शहरांत होतात, शिकारीचे कॅम्प तिथून शेकडो किलोमीटर लांब असतात. शिकाऱ्याच्या हातात बंदूक आणि खिशात सरकारी परवाना असतो. शिकार घडवून आणणाऱ्या कंपनीचे पहारेकरी असतात. बंडखोरांचं भांडण सरकारशी असतं, परदेशी पाहुण्याशी नव्हे. उलट शिकारीच्या पैशामुळेच तिथली जनावरं वाचतात. आणि वर शेपूट: गोंधळाच्या काळात दर उतरलेले असतात, तेव्हा संधी सोडू नका.

शिकार करावी की करू नये, हा वाद मी इथे उकरणार नाही. नामिबियात ती कायद्याच्या चौकटीत चालते, तिचे फायदेतोटे वेगळे. इथे प्रश्न आहे तो सरकारचा हुकूम राजधानीच्या वेशीबाहेर चालत नाही अशा मुलखांचा.

‘लढाई शहरात, शिकार रानात’

नेमकं उलटं आहे. राजधानी कोणाच्या ताब्यात हे ठरायला एखादा आठवडा पुरतो. त्याआधी आणि त्यानंतर वर्षानुवर्षं बंडखोर राहतात ते रानातच. लपायला झाडी, खायला शिकार, विकायला सोनं आणि हस्तिदंत, पळायला जवळच सरहद्द. शिकारीचे पट्टेही, म्हणजे सरकारने शिकार कंपन्यांना नेमून दिलेली रानं, नेमके असल्याच ठिकाणी असतात, कारण जनावरंही तिथेच उरलेली असतात.

बुर्किना फासोच्या पूर्वेचा आर्ली-पामा पट्टा घ्या. नायजर आणि बेनिनच्या सरहद्दींना लागून असलेलं हे सलग जंगल, त्यात राष्ट्रीय उद्यानं आणि त्यांच्या कडेने शिकारीचे पट्टे. इथे हातपाय पसरणाऱ्या जिहादी गटांनी आसपासच्या गावकऱ्यांना सांगितलं की सरकारने बंदी घातलेल्या रानात खुशाल सोनं खणा, गुरं चारा, शिकार करा. म्हणजे ज्या नियमांवर शिकारीचा पट्टा उभा होता, ते नियमच त्यांनी लोकांची मनं जिंकायला वापरले. 1 मे 2019 रोजी शेजारच्या बेनिनमधल्या पेंजारी उद्यानातून दोन फ्रेंच पर्यटकांना पळवलं गेलं, त्यांचा स्थानिक वाटाड्या मारला गेला, आणि त्यांना सोडवताना फ्रान्सचे दोन कमांडो पडले. हे पर्यटक जनावरं बघायला गेले होते, मारायला नव्हे. पळवणाऱ्यांना त्याने काय फरक पडणार?

मोझांबिकमधलं नियासा अभयारण्य तर त्याच देशाच्या काबो देल्गादो प्रांतातल्या जिहादी बंडापासून लांब आहे, असंच मानलं जायचं. 2025 च्या एप्रिलमध्ये हल्लेखोर तिथल्या एका शिकारी कॅम्पवर आले. जीव गेला तो तिथे कामाला असलेल्या दोन सुतारांचा. दहा दिवसांनी त्याच अभयारण्यातल्या संवर्धन केंद्रावर हल्ला झाला आणि तिथले रक्षक मारले गेले.

हल्लेखोरांना कॅम्पच का हवा असतो, हे कॅम्पमध्ये एकदा नजर फिरवली की कळतं. डिझेलचे बॅरल, चारचाकी गाड्या, जनरेटर, सॅटेलाइट फोन, औषधांची पेटी, पीठ-साखरेची पोती, आणि विमान उतरेल अशी साफ केलेली धावपट्टी. पावसाळा संपला की कंपनीची माणसं गवत जाळून, ओढ्यांवर ओंडके टाकून वाटा पुन्हा मोकळ्या करतात. कित्येक ठिकाणी मैलोन्‌मैल तेवढाच काय तो रस्ता. तो कोणी वापरायचा, हे मात्र कंपनीच्या हातात राहत नाही.

‘शिकाऱ्याच्या हातात बंदूक असते’

असते, पण ती रानम्हशीसाठी असते. जड काडतुसाची, दर गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागणारी रायफल, मॅगझिनमध्ये तीन ते पाच गोळ्या. दुनळी असेल तर दोनच. समोरून आठ-दहा जण तीस-तीस गोळ्यांच्या मॅगझिनची कलाश्निकोव्ह घेऊन आले, तर या रायफलीचा उपयोग एवढाच की लुटीत एक किमती वस्तू वाढते. शिवाय हल्ले बरेचदा रात्री किंवा पहाटे होतात, तेव्हा रायफल रिकामी करून कुलपात ठेवलेली असते. तशी ती ठेवायलाच हवी.

नुसता पर्यटक निदान हात वर करून नि:शस्त्र असल्याचं दाखवू शकतो. शिकाऱ्याला तेही जमत नाही. लांबून बघणाऱ्याला मळकट हिरव्या कपड्यांतला बंदूकधारी परका दिसतो. तो भाडोत्री सैनिक की हौशी शिकारी, ही चौकशी बहुधा गोळी झाडल्यानंतर होते.

‘सरकारी परवाना असतो’

माझ्या मते या मजकुरातला सर्वांत घातक दावा हाच, कारण तो सर्वांत समंजस वाटतो. कागद रीतसर आहे म्हणजे कोणीतरी जबाबदारी घेतली आहे, असं आपण गृहीत धरतो.

डिसेंबर 2015 मध्ये कतारमधला एक मोठा जथा दक्षिण इराकच्या वाळवंटात ससाण्यांनी शिकार करायला उतरला होता. त्यात राजघराण्यातली माणसं होती. इराकच्या गृहखात्याची परवानगी होती. एका पहाटे मुथन्ना प्रांतातल्या त्यांच्या तळाला गाड्यांच्या ताफ्याने वेढा दिला आणि दोन डझनांहून जास्त माणसं उचलून नेली. गृहखात्याचं म्हणणं काय, तर या लोकांनी सुरक्षित भागातच राहायच्या सूचना पाळल्या नाहीत! सुटका झाली एप्रिल 2017 मध्ये, म्हणजे सोळा महिन्यांनी. मधल्या वाटाघाटींत खंडणीच्या रकमेवरून एवढं राजकारण पेटलं की कतारच्या विमानातून आलेले शेकडो दशलक्ष डॉलर बगदादमध्ये जप्त केल्याचं खुद्द इराकच्या पंतप्रधानांनी सांगितलं. ज्यांच्यामागे अख्खं श्रीमंत राज्य उभं होतं, त्यांची ही गत झाली.

परवाना देणारं सरकारच कधीकधी अंगावर येतं. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या पूर्वेला मार्च 2012 मध्ये एका शिकार कंपनीच्या माणसांना आपल्याच पट्ट्यात सोनं खणणाऱ्या तेरा जणांची प्रेतं सापडली. कंपनीने स्वतः अधिकाऱ्यांना कळवलं. त्या भागात 2008 पासून युगांडाच्या ‘लॉर्ड्‌स रेझिस्टन्स आर्मी’ या बंडखोर गटाचा धुमाकूळ होता आणि संशयाचं बोट तिकडेच जात होतं. पण कंपनीचा स्वीडिश मालक आणि ब्रिटिश वैमानिक यांनाच पकडून राजधानी बांगीच्या तुरुंगात टाकलं. आरोप मागे घेतले जाईपर्यंत कित्येक महिने गेले. पुढच्याच मार्चमध्ये सेलेका बंडखोरांनी बांगी घेतलं आणि राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले. मग आदल्या राजवटीच्या सहीशिक्क्याचा शस्त्रपरवाना नाक्यावरच्या पोराला दाखवून काय होणार? त्याला वाचता येत असेलच असंही नाही, आणि बंदूक मात्र त्याला लगेच ओळखता येते.

‘कंपनीचे पहारेकरी असतात’

पहारेकरी चोरट्या शिकाऱ्यांना अडवतात, म्हणून त्यांचे वैरीही तयार होतात. काँगोमधल्या एपुलूला, ओकापी अभयारण्याच्या मुख्यालयावर, जून 2012 मध्ये माई-माई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्थानिक सशस्त्र टोळ्यांपैकी एकीने हल्ला केला. टोळीचा म्होरक्या हत्ती मारणारा होता आणि रक्षकांनी त्याचा धंदा बसवत आणला होता. माणसं मेलीच, शिवाय केंद्रात पाळलेली ओकापी, म्हणजे जिराफाच्या कुळातली जनावरं, एकेक करून मारली. त्यातून पैसा मिळणार नव्हता, राग काढायचा होता. आणि पहारा लष्करी असला तरी भागतं असं नाही: एप्रिल 2021 मध्ये बुर्किना फासोतल्या त्याच पामाजवळ दोन स्पॅनिश पत्रकार आणि एक आयरिश संवर्धक मारले गेले, ते सशस्त्र गस्तीबरोबरच होते.

‘बंडखोर परदेशी माणसाला हात लावत नाहीत’

याला लांबलचक उत्तर द्यायची गरज नाही. पाकिस्तानच्या ताब्यातल्या गिलगिट-बाल्टिस्तानमध्ये, जिथे मारखोर आणि आयबेक्स या रानबकऱ्यांच्या शिकारीचे परवाने विकले जातात, तिथेच जून 2013 मध्ये नंगा पर्बतच्या तळावर दहा परदेशी गिर्यारोहक आणि त्यांचा स्थानिक स्वयंपाकी यांना गोळ्या घातल्या. हल्लेखोर निमलष्करी दलाच्या गणवेशात आले होते.

‘शिकारीच्या पैशामुळे जनावरं वाचतात’

यात थोडं खरं आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. बलुचिस्तानातल्या तोरघरच्या डोंगरात 1980 च्या दशकात सुलेमान मारखोर शंभराच्या आत उरले होते. तिथल्या जमातीने सरसकट सगळ्यांची शिकार थांबवली, आपलेच राखणदार नेमले आणि वर्षाला मोजक्याच शिकारींचे परवाने विकून त्यांचे पगार भागवले. आज तिथे मारखोर हजारांनी मोजतात. बलुचिस्तान काही शांत नाही. मग हे जमलं कसं? तर डोंगरावर हुकूम चालवणारे आणि डोंगराखाली राहणारे लोक एकच होते. सरकार आलं-गेलं तरी जमातीचा शब्द जागेवर होता.

हेच उदाहरण उचलून सगळीकडे चिकटवता येत नाही. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या उत्तर भागात शिकारीचे पट्टे कैक दशकं होते, परदेशी शिकारी येत होते, पैसा येत होता. 2010 मध्ये हवाई पाहणी झाली तेव्हा मोठ्या सस्तन प्राण्यांची संख्या तीस वर्षांत 94 टक्क्यांनी घटलेली आढळली. कॅमेरूनच्या बूबा न्जिदा उद्यानाभोवतीही शिकारीचे पट्टे आहेत. 2012 च्या सुरुवातीला सुदान-चाडकडून घोड्यांवर आलेल्या टोळ्यांनी तिथे काही आठवड्यांत शेकडो हत्ती लोळवले; सैन्य पोचलं तोवर फार उशीर झाला होता. हंगामात चार गिऱ्हाईकं आणणारी कंपनी शंभर घोडेस्वारांपुढे काय करणार? हंगाम संपला की कॅम्पही बंद. आणि एक वर्ष गिऱ्हाईक फिरकलं नाही, की राखणदारांचा पगार थांबतो. हेच राखणदार रानातली प्रत्येक पाऊलवाट जाणून असतात.

वर सांगितलेल्या तुरुंगवारीतून सुटलेल्या शिकार कंपनीच्या लोकांनीच पुढे काय केलं, ते बघण्यासारखं आहे. त्यांनी शिकारीचा धंदा गुंडाळून तोच पट्टा, चिंको, संरक्षित क्षेत्र म्हणून उभा करायला घेतला, आणि 2014 मध्ये ‘आफ्रिकन पार्क्स’ ही संस्था दीर्घ कराराने तिथे उतरली. रानात वर्षं काढलेल्यांचा हा निर्णय मला त्या फिरत्या मजकुरापेक्षा जास्त बोलका वाटतो.

‘दर उतरलेले असतात’

असतील. पण दर उतरण्याचं कारण हे की विमानसेवा बंद झालेली असते, डॉक्टर निघून गेलेले असतात आणि विमा कंपन्यांनी अंग काढून घेतलेलं असतं. प्रवास विम्याच्या पुष्कळ पॉलिसींत युद्ध आणि बंड वगळलेलं असतं. आपल्या सरकारने ‘जाऊ नका’ असं सांगितलेल्या भागात गेलात, तर काही पॉलिसी लागूच होत नाहीत. जखमी म्हैस अंगावर आली तर शांत देशात काही तासांत विमान येऊन माणसाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचवू शकतं. नायजरमध्ये जुलै 2023 मध्ये सत्तापालट झाला आणि पुढच्या महिन्यात नव्या राजवटीने देशाचं आकाशच बंद केलं. रुग्णवाहू विमानालाही उड्डाणाची परवानगी लागते, आणि तशा दिवशी ती कोणाकडे मागायची हेच ठरलेलं नसतं.

तरीही कोणाला जायचंच असेल, तर पैसे भरण्याआधी कंपनीला दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: परवाना देणारं खातं एका रात्रीत बदललं तर आम्हाला बाहेर काढायचा बंदोबस्त काय, आणि त्या विमानात माग काढणारे, स्वयंपाकी, सुतार यांना जागा आहे का? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा विषय बदलून उत्तर मिळेल.