“पैशासाठी लांबवलं” या रिव्ह्यूला क्लिनिककडून उत्तर

नमस्कार,

क्लिनिकमध्ये मी तुम्हाला नावानं हाक मारते, अरे-तुरे करते. इथं चारचौघांत बोलायचं म्हणून तुम्ही म्हणते.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पुन्हा फुटबॉल खेळता यावा म्हणून तुम्ही आमच्याकडं फिजिओथेरपीला येत होता. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. संध्याकाळी पाऊण तास बसून राहावं लागलं असं लिहिलंय, त्याबद्दल माफी मागते. सहा ते आठ या वेळेत कॉलेजची मुलं आणि ऑफिस सुटलेली माणसं एकदमच येतात. त्यात ऑपरेशन होऊन नुकताच घरी सोडलेला एखादा पेशंट वॉकर घेऊन आला की पुढच्या सगळ्यांच्या वेळा कोलमडतात. वेळेचं बघतोय आम्ही.

पण त्यापुढं तुम्ही लिहिलंय, “सहा महिने झाले तरी ग्राउंडवर सोडलं नाही, पैशासाठी मुद्दाम लांबवलं. दुसरीकडं चार महिन्यांत मोकळं करतात. मशीन पण लावत नाहीत, नुसता व्यायाम.” हे मला लागलं. राजारामपुरीत भाड्याची जागा आहे, लेग प्रेस आणि बाकीच्या सामानाचे हप्ते चालू आहेत, आणि नवीन येणारा माणूस आधी मोबाईलवर हेच वाचतो. परवा एका मुलीच्या आईनं फोनवर पहिलाच प्रश्न केला, “मॅडम, तुम्ही लांबवता म्हणं?” त्यामुळं पैशाचं आधी बोलते.

सुरुवातीला तुम्ही आठवड्यातून सहा दिवस येत होता. गुडघा पूर्ण सरळ व्हायला लागला, लंगडणं गेलं, तेव्हा मीच तीन दिवस केले. चौथ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदाच या, बाकीचं कॉलेजच्या जिममध्ये करा म्हणून सांगितलं आणि व्यायाम तुमच्याच मोबाईलवर व्हिडिओ काढून दिले. एका वेळचे 400 रुपये, त्यात तासभर. ज्याला पैसे काढायचे आहेत तो पेशंटला रोज बोलावतो, पालथं झोपवून शेक देतो आणि वीस मिनिटांनी पुढचा घेतो. आठवड्याला एकदा या असं सांगून कुणाचं घर चालत नाही. तुमच्या वडिलांनी प्रत्येक पावती जपून ठेवली आहे, त्यांच्याकडं बघा. आकडे त्यातच आहेत.

आता मशीनचं. पहिल्या काही आठवड्यांत तुमच्या मांडीला करंट लावलाच होता, विसरलात काय? ऑपरेशननंतर गुडघ्यात सूज असली की मांडीचा पुढचा स्नायू झोपल्यासारखा होतो, कितीही जोर लावला तरी काम करत नाही. त्याला जागं करायला ते मशीन. एकदा तो स्वतः काम करायला लागला की मशीनचं काम संपलं. शेक आणि दुखण्यावर लावतात त्या करंटनं दुखणं थोडा वेळ कमी होतं, ताकद येत नाही. ताकद वजन उचलूनच येते. हे आपल्या कोल्हापुरात कुणाला सांगायला लागू नये, तालमीत कुणी शेक घेऊन पैलवान झालेला नाही.

आणि सहा महिन्यांचं. तुमचं एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं, वळताना गुडघा धरून ठेवणारं लिगामेंट, तुटलं तेव्हा कुणी पाय घातला नव्हता, धावता धावता एकट्यानंच वळताना गेलं. बहुतेकांचं असंच जातं. म्हणून नुसतं सरळ पळता येतं का, एवढ्यावर मी कुणाला सोडत नाही. सर्जननी मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी (टेंडन) काढून ती गुडघ्यात लिगामेंटच्या जागी बसवली. ती बसवली त्या दिवशी जेवढी पक्की असते तेवढी दोन-तीन महिन्यांनी नसते, मधल्या काळात कमजोर होते. तिला नवीन रक्तपुरवठा मिळायचा असतो, तिची लिगामेंटसारखी घडण व्हायची असते, आणि हे वर्षभर चालतं. अडचण अशी की नेमकं याच काळात दुखणं थांबतं. सूज नाही, जिना चढता येतो, गाडीला किक मारता येते. पोराला वाटतं झालं की आता! चौथ्या महिन्यात मोकळं करणारे या “दुखत नाही”वर मोकळं करतात. ते कोण, हे मी विचारलेलं नाही, विचारायचंही नाही.

2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात वळणं-उड्या असलेल्या खेळांतले, एसीएलचं ऑपरेशन झालेले खेळाडू बघितले होते. नऊ महिन्यांपर्यंत मैदानात परतणं जितकं पुढं ढकललं, तितकं दर महिन्याला गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण साधारण निम्म्यावर येत गेलं. म्हणून आमच्याकडं नऊ महिन्यांच्या आत फुटबॉल नाही. आणि नऊ भरले तरी दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के पाहिजे, एका पायावरच्या उडीचं अंतर तेवढं पाहिजे, उडी मारून खाली येताना गुडघा आत वळता कामा नये. हे पहिल्याच दिवशी तुमच्या फाईलच्या पहिल्या पानावर लिहून दिलं होतं. तुमचे टेस्टचे आकडे मी इथं टाकणार नाही, पेशंटची माहिती बाहेर सांगत नसते. पण तुम्हाला ते माहीत आहेत.

एक मात्र बोलते, कारण तो स्टेटस तुम्हीच ठेवला होता. पाचव्या महिन्यात टर्फवर रात्री फाइव्ह-अ-साइड फुटबॉल खेळलात. दोन दिवसांनी गुडघ्यात पाणी घेऊन आलात आणि “जिन्यावरून पाय घसरला” म्हणालात. त्यानंतर एका ओळखीच्यांनी घोट्याच्या वर धरून पाय ओढून दिला, तेही मला नंतर कळलं. तेव्हा मी आवाज चढवला, तोच तुमच्या रिव्ह्यूतला “उद्धट बोलतात”. तुमच्या जागी माझा भाऊ असता तरी तेच बोलले असते. सूज उतरेपर्यंत उड्यांचे व्यायाम बंद ठेवावे लागले. ते आठवडे तुम्ही माझ्या खात्यावर लिहिताय.

हंगाम जातोय, हे मला कळत नाही असं नाही. शाहू स्टेडियमवर पेठेचा संघ उतरलाय आणि आपण पट्टा लावून गॅलरीत बसलोय, शेजारचा विचारतोय “कवा खेळणार?”, हे सोपं नाही. कोच फोन करतात, मंडळातली मोठी माणसं घरी येतात. माझ्याकडंही एकजण येऊन गेले, “मॅडम, फायनलपुरतं सोडा” म्हणून. त्यांनाही चहा देऊन नाहीच सांगितलं.

बाकी तुम्ही सांगितल्याप्रमाणे बसायला बाहेर जास्त खुर्च्या टाकतोय, वेळ आधी कळवायला व्हॉट्सॲपवर काहीतरी सोय करायचं चाललंय, फीचा बोर्डही मोठा लावू.

तुमचं राहिलेलं टेस्टिंग कधीही करून देते, त्याचे पैसे घेणार नाही. दुपारी दोन ते चार मध्ये या, गर्दी नसते. दुसरीकडं चालू असेल तरी या, आणि तुमच्या सर्जनना दाखवून त्यांचंही मत घ्या. एक स्टार ठेवायचा तर ठेवा, फक्त ते पैशासाठीचं वाक्य तेवढं पावत्या बघून काढता आलं तर बघा.

येताना बूट घेऊन या. मागच्या वेळी उडीच्या टेस्टला चपलेवर आला होता.